डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं

गेल्या ईदला पुण्याहून बहीण आली होती. सोबत तिचा अकरा वर्षांचा मुलगा. शीरखुर्मा झाला, ईदी वाटून झाली, आणि भाचेसाहेब कोपऱ्यात हातातला गेम घेऊन बसले. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली, “मामू, हे बघा. याचं डोकं उलटं लावलंय.”

पडद्यावर एक विचित्र प्राणी होता. खाली पाण्यात राहणाऱ्या डायनासोरसारख्या प्राण्याचं गारठलेलं धड, वर माशाचं डोकं. तेही सरळ नाही, खालची बाजू वर. त्यामुळे तोंड टाळूवर आलेलं. मी हसलो. म्हटलं, गेम बनवणाऱ्यांची चूक असेल. भाचा म्हणाला, “नाही, मुद्दाम केलंय. एक बाई दगडातली हाडं जोडून देते. ती नेहमी चुकीचीच जोडते.”

मी इतिहासाच्या कागदपत्रांत रमणारा माणूस. व्हिडिओ गेमशी माझा संबंध मुलांना ‘आता पुरे’ म्हणण्यापुरता. पण त्या उलट्या डोक्याने मला दोन दिवस सोडलं नाही. कारण असंच एक जोडकाम मी स्वतः केलेलं आहे आणि ते छापूनही आणलेलं आहे. त्याची कबुली शेवटी देतो. आधी त्या प्राण्याबद्दल.

गॅलरमधली चार हाडं

गेमचं नाव ‘पोकेमॉन’. जपानमध्ये १९९६ साली तो पहिल्यांदा आला. निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. त्यातूनच प्राणी शोधायचे, पकडायचे, त्यांची नोंदवही भरायची, ही कल्पना निघाली. अगदी पहिल्या खेळापासून त्यात जीवाश्म आहेत. दगड झालेले अवशेष प्रयोगशाळेत न्यायचे आणि तिथून नामशेष प्राणी जिवंत होऊन मिळायचा. एक उडणारा प्राणी तर जुन्या अंबरमधून जिवंत होतो. ‘जुरासिक पार्क’ चित्रपट त्याच्या तीनच वर्षं आधी येऊन गेला होता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ हे दोन खेळ आले. त्यांची भूमी ‘गॅलर’ ही उघडउघड ग्रेट ब्रिटनवरून घेतलेली. इथे चार प्रकारचे जीवाश्म सापडतात : पक्षी, मासा, ड्रेक म्हणजे ड्रॅगनच्या कुळातला प्राणी, आणि डायनो. गंमत अशी की चारही अर्धे आहेत. पक्षी आणि माशाचा फक्त वरचा भाग, ड्रेक आणि डायनोचा फक्त खालचा. वाटेत कारा लिस नावाची एक संशोधक भेटते. तिचं नाव भरभर उच्चारलं की इंग्रजी ‘केअरलेस’ ऐकू येतं. तिच्या हाती कोणतेही दोन तुकडे द्या, ती जोडून जिवंत करते. पक्षी आणि ड्रेक जोडले की ड्रॅकोझोल्ट. पक्षी आणि डायनो जोडले की आर्क्टोझोल्ट. मासा आणि ड्रेकचा ड्रॅकोविश. मासा आणि डायनोचा आर्क्टोविश, म्हणजे आमच्या घरात त्या दिवशी आलेला उलट्या डोक्याचा पाहुणा.

हे चार मूळ प्राणी पूर्ण कसे दिसत होते, ते खेळात कधीच कळत नाही. ज्या अर्ध्या भागांची जोडी जमू शकली असती, ते भाग मिळतच नाहीत. या चौघांना पुढची उत्क्रांती नाही, अंडी नाहीत, नर-मादी नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकली ती खेळातली नोंदवही. तिच्यात या प्राण्यांबद्दल गंभीरपणे माहिती दिलेली आहे. आर्क्टोविश भक्ष्य गोठवून पकडतो, पण तोंड डोक्यावर असल्याने त्याला ते खाणं अवघड जातं. शिवाय त्याला श्वास घेणं जड जायचं, म्हणून तो नामशेष झाला. ड्रॅकोविश जोरात धावतो, पण पाण्याबाहेर त्याला श्वास घेता येत नाही. दणकट पाय आणि जबड्यांमुळे तो आपल्या काळातला सर्वांत मोठा शिकारी होता आणि सगळी शिकार संपवून स्वतः संपला. ड्रॅकोझोल्टने आपलं वनस्पतींचं खाद्य संपवलं, म्हणून तो गेला.

विचार करा. हे प्राणी कधी अस्तित्वातच नव्हते. एका बाईने निष्काळजीपणे तुकडे जोडले आणि नोंदवहीने त्या जोडकामाला राहणीमान दिलं, स्वभाव दिला, मृत्यूचं कारणही दिलं. चुकीचा सांगाडा तेवढ्यावर थांबला नाही, त्याने स्वतःसाठी इतिहास तयार करून घेतला. ही थट्टा कुणाची आहे, हे समजून घ्यायचं तर खऱ्या ब्रिटनमध्ये जावं लागतं.

नाकावर बसवलेला अंगठा

ससेक्स परगण्यातल्या लुइस गावात गिडियन मँटेल नावाचा डॉक्टर होता. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात खाणींतून हाडं गोळा करायची, असा त्याचा क्रम. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे काही मोठे, झिजलेले दात आले. पॅरिसचा जॉर्ज क्युव्हिए हा त्या काळातला या विषयातला सर्वांत मोठा जाणकार. त्याने पहिल्यांदा ते गेंड्याचे म्हणून बाजूला सारले. पुढे त्याने मत बदललं आणि हे वनस्पती खाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचे असू शकतात, हे मान्य केलं. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात मँटेलला इग्वाना सरड्याचे दात दाखवण्यात आले. आकार सोडला तर ठेवण तीच. १८२५ साली मँटेलने आपल्या प्राण्याला नाव दिलं, इग्वानोडॉन.

१८३४ मध्ये केंटमधल्या मेडस्टोनच्या खाणीत याच प्राण्याच्या हाडांनी भरलेली मोठी शिळा निघाली. मँटेलच्या मित्रांनी २५ पौंड मोजून ती त्याला घेऊन दिली. त्याच्याकडे एक शंकूसारखं टोकदार हाडही होतं. ते कुठलं? काही इग्वानांच्या नाकावर लहान शिंग असतं. मग हेही नाकावरचंच असणार, असा कयास मँटेलने केला आणि रेखाटनात ते नाकावर बसवलं.

त्याला हसू नका. हातात काही हाडं, समोर एक जिवंत सरडा आणि मध्ये कोट्यवधी वर्षांची पोकळी. तुमच्या-माझ्यासारख्याने आणखी काय केलं असतं?

‘डायनासोर’ हा शब्द १८४२ साली रिचर्ड ओवेनने छापला. ओवेन विद्वान होता, वजनदार होता आणि मँटेलशी त्याचं कधी जमलं नाही. लंडनमध्ये १८५१ चं महाप्रदर्शन झालं. त्यानंतर त्यातला काचमहाल, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, सिडनहॅमला हलवण्यात आला. तिथल्या बागेत नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारायचं काम बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराला मिळालं आणि सल्लागार म्हणून ओवेनचं नाव लागलं. इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार जाड पायांवर उभा राहिला, नाकावर शिंग घेऊन. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री त्याच्या साच्यात मेजवानी झाली. सुमारे वीस प्रतिष्ठित लोक डायनासोरच्या पोटात बसून जेवले. ओवेन मानाच्या जागी होता. मँटेल त्याआधीच, १८५२ मध्ये वारला होता. शेवटच्या काळात त्याला जाणवू लागलं होतं की या प्राण्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बारीक असावेत, तो गेंड्यासारखा नसावा. पण मेजवानीला बसलेल्यांत ते सांगायला तो नव्हता.

१८५४ मध्ये क्रिस्टल पॅलेस लोकांसाठी खुला झाला. हजारो लोकांनी आयुष्यातला पहिला डायनासोर पाहिला तो असा. त्याच बागेत लॅबिरिंथोडॉन नावाचा प्राणीही आहे. दात आणि कवटीच्या आधारावर ओवेनने बाकीचं शरीर कल्पिलं आणि पुतळा झाला एका महाकाय बेडकाचा.

उत्तर मिळालं १८७८ साली, बेल्जियममधल्या बर्निसार्ट गावच्या कोळशाच्या खाणीत. ३२२ मीटर खोलीवर इग्वानोडॉनचे तीसहून अधिक सांगाडे निघाले, त्यांतले कित्येक जवळजवळ पूर्ण. प्रत्येकाच्या पुढच्या पंजांवर ते शंकूसारखं हाड जागच्या जागी होतं. शिंग म्हणून अर्धं शतक मिरवलेलं हाड अंगठ्याचं होतं!

पण गोष्ट इथे संपत नाही. ब्रुसेल्समध्ये लुई डोलोच्या देखरेखीखाली हे सांगाडे कांगारूसारखे ताठ उभे केले गेले. ते जवळजवळ शंभर वर्षं तसेच मानले गेले. १९८० मध्ये डेव्हिड नॉर्मन या ब्रिटिश अभ्यासकाने दाखवून दिलं की शेपटीतले स्नायुबंध हाडासारखे कडक झालेले होते. शेपूट सरळ आडवी राहणारी होती. ताठ उभं करण्यासाठी ती अशी वाकवावी लागली होती, जी जिवंत प्राण्याची वाकलीच नसती. म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्यांनीही आपल्या मनातल्या आकारासाठी हाड वाकवलं.

सिडनहॅमचे पुतळे आजही तिथेच आहेत, नाकावर शिंग घेऊन. ब्रिटनने ते पाडले नाहीत, संरक्षित वारसा म्हणून जपले. गॅलरमधली कारा लिस ही याच बागेची लेक आहे, असं मला वाटतं.

शेपटीला लावलेलं डोकं

अटलांटिकपलीकडेही हेच घडलं. १८६० च्या दशकाच्या शेवटी कॅन्ससमधून एका लांब मानेच्या समुद्री सरीसृपाची हाडं फिलाडेल्फियाच्या एडवर्ड कोपकडे आली. हा डायनासोर नव्हे, पण त्याच युगातला. कोप प्रचंड हुशार आणि तितकाच घाईचा. त्याने नाव दिलं इलास्मोसॉरस, चित्र काढलं आणि डोकं बसवलं शेपटीच्या टोकाला. लांबलचक मान त्याला शेपूट वाटली. १८७० मध्ये जोसेफ लायडी या ज्येष्ठ अभ्यासकाने चूक जाहीरपणे दाखवली. कोपने छापलेल्या प्रती परत विकत घेण्याची धडपड केली. सगळ्या काही मिळाल्या नाहीत. त्याचा प्रतिस्पर्धी ओथनिएल मार्श हा किस्सा पुढे कित्येक वर्षं चवीने सांगत राहिला.

आर्क्टोविशचं उलटं डोकं पाहताना मला कोप आठवतो. चूक कळल्यावर त्याला झालेली ती घाई मला फार ओळखीची वाटते.

चूक आणि लबाडी

आतापर्यंतची माणसं प्रामाणिक होती. पण मँटेलच्याच ससेक्समध्ये १९१२ साली वेगळं काही घडलं. पिल्टडाउन या ठिकाणी चार्ल्स डॉसन या हौशी संग्राहकाला माणसाची कवटी आणि वानरासारखा जबडा ‘सापडला’. ब्रिटिश संग्रहालयाच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ते एकाच प्राचीन मानवाचे अवशेष म्हणून जाहीर केले. मानवाचा पूर्वज, आणि तोही इंग्लंडचा! मेंदू आधी मोठा झाला, जबडा नंतर बदलला, या तेव्हाच्या आवडत्या समजुतीत तो चपखल बसत होता.

१९५३ मध्ये भांडं फुटलं. कवटी माणसाची होती, जबडा ओरांगउटानचा. दात कानशीने घासलेले, हाडं रंगवून जुनी केलेली. मधल्या चाळीस वर्षांत झालेलं नुकसान मोठं होतं. १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या तोंग इथल्या बालकाची कवटी जगापुढे मांडली. लहान मेंदू, पण दात माणसासारखे. हा अस्सल पुरावा होता. तरी तो बराच काळ बाजूला पडला, कारण पिल्टडाउनचा माणूस नेमकं उलटं सांगत होता. खोट्याने जागा अडवली की खऱ्याला दाराबाहेर उभं राहावं लागतं.

१९९९ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून आलेला ‘आर्किओरॅप्टर’ असाच गाजला. अर्धा पक्षी, अर्धा डायनासोर. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने तो छापला. काही महिन्यांतच शू शिंग या चिनी अभ्यासकाने दाखवलं की शेपूट वेगळ्याच प्राण्याची आहे. जमिनीतून निघालेले तुटके तुकडे चिकटवले होते, कारण अख्ख्या नमुन्याला भाव जास्त मिळतो. इथे डॉसनसारखी कीर्तीची भूक नव्हती, पोटाची गरज होती. पण दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच : ज्याला अर्धं नको असतं, अख्खं हवं असतं.

जबलपूरचा जोडप्राणी

हे सगळं परदेशातलं, असं म्हणून सुटता येणार नाही. आपल्याकडच्या डायनासोरची कहाणी जबलपूरला सुरू होते. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला स्लीमन, त्याला १८२८ मध्ये तिथे मोठे मणके मिळाले. १८७७ साली रिचर्ड लायडेकरने त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव दिलं. योगायोग पाहा, याच लायडेकरने पुढे १८८८ मध्ये ससेक्सच्या एका इग्वानोडॉनला संग्राहकाच्या सन्मानार्थ नाव दिलं, ‘डॉसनी’. तो संग्राहक म्हणजे पिल्टडाउनचा चार्ल्स डॉसन.

जबलपूरच्याच बडा सिमला टेकडीवरच्या हाडांवरून चार्ल्स मॅटली यांनी १९२३ मध्ये एक चिलखती डायनासोर जाहीर केला, ‘लॅमेटासॉरस इंडिकस’. कमरेची हाडं, पायाचं हाड आणि त्यांसोबत चिलखताचे हाडाचे तुकडे. १९३५ मध्ये चक्रवर्ती या भारतीय अभ्यासकाने प्रश्न विचारला, हा प्राणी खरंच चिलखती आहे का? प्रश्न रास्त होता. पुढे दिसून आलं की कमरेची हाडं मांसाहारी डायनासोरची आहेत आणि चिलखत बहुधा लांब मानेच्या शाकाहारी टायटॅनोसॉरचं. शिकाऱ्याच्या कमरेवर त्याच्याच शिकारीची कातडी! एका टेकडीत शेजारी पडले म्हणून ते एक झाले. गॅलरच्या शंभर वर्षं आधी जबलपुरात ड्रॅकोझोल्ट होऊन गेला होता.

हे टाळायचं कसं, त्याचा धडाही आपल्याच देशात आहे. गुजरातेत बालासिनोर या बाबी घराण्याच्या जुन्या संस्थानाजवळ रहिओली गाव आहे. त्या घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी आज पर्यटकांना तिथले जीवाश्म दाखवतात, ते राखावेत म्हणून झटतात. १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी तिथे उत्खनन केलं आणि कोणतं हाड कुठे पडलं होतं त्याचे तपशीलवार नकाशे काढले. हाडं खोक्यांत गेली. जवळपास वीस वर्षांनी भारतीय आणि अमेरिकी अभ्यासकांनी तो नकाशा समोर ठेवून कुठलं हाड कुणाचं ते लावलं आणि २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ जगाला कळला. हाडांइतकीच किंमत त्या कागदाची होती.

आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव. १९८० च्या दशकात तिथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना एका लांब मानेच्या डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. मणके, बरगड्या, कंबर, पुढचा पाय. डोकं नव्हतं, मागचे पायही नव्हते. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. आज तो त्या संस्थेच्या नावावरून ‘आयसीसॉरस’ म्हणून ओळखला जातो. बिनडोक्याचा आहे म्हणून त्याची किंमत कमी झाली नाही. भारतातल्या सर्वांत चांगल्या सांगाड्यांत तो मोजला जातो.

जाहिजचा जिराफ

जोडकाम ओळखायला आधुनिक प्रयोगशाळाच लागते असंही नाही. नवव्या शतकात बसऱ्याला अल-जाहिज नावाचा थोर लेखक होता. त्याच्या ‘किताब अल-हयवान’ या प्राण्यांवरच्या ग्रंथात जिराफाची चर्चा आहे. फारसीत जिराफाला ‘उश्तुर-गाव-पलंग’ म्हणत, म्हणजे उंट-गाय-बिबट्या. त्यावरून लोक सांगत की हा प्राणी वेगवेगळ्या जनावरांच्या संकरातून जन्मतो आणि कोण कोणाशी जुळलं याच्या रसभरित हकिकती पसरवत. जाहिजने ते नाकारलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. शहामृगालाही फारसीत ‘उश्तुर-मुर्ग’, म्हणजे उंट-पक्षी म्हणतात. म्हणून काय तो उंट आणि पक्ष्याचं पोर झाला? ते नाव साम्यावरून पडलेलं आहे. नाव म्हणजे वंशावळ नव्हे.

नाव म्हणजे वंशावळ नव्हे. हे वाक्य मी वेळेवर ध्यानात ठेवलं असतं तर पुढची कबुली द्यावी लागली नसती.

माझा आर्क्टोविश

काही वर्षांपूर्वी मी आमच्या कसब्यातल्या एका विस्मृतीत गेलेल्या माणसावर लेख लिहिला. नाव इथे देत नाही. माझ्याकडे तीन तुकडे होते. कब्रस्तानातला एक दगड, त्यावर नाव आणि ‘हकीम’ हा शब्द. म्हाताऱ्यांच्या तोंडची एक आठवण, की १९१८ च्या मानमोडीच्या साथीत हकीमसाहेब घरोघर काढा घेऊन फिरत. आणि मुलींच्या उर्दू वर्गाची एक जुनी हजेरीवही, खाली त्याच नावाची मास्तर म्हणून सही. काळ १९३० च्या आसपासचा.

नाव एक, गाव एक. मी जोडलं. पण मध्ये बारा वर्षांची पोकळी उरली. हकीम मास्तर कसा झाला? तेव्हा मी एक वाक्य लिहिलं : साथीत इतकी लेकरं डोळ्यांदेखत गेलेली पाहून त्यांचं मन वैद्यकीतून उडालं असावं आणि उरलेल्यांना शिकवावं, असं त्यांनी ठरवलं असावं. लेखातलं हेच वाक्य लोकांना सगळ्यात आवडलं. कुणी फोनवर रडलं. एका स्मरणिकेत लेख पुन्हा छापला गेला, पण त्यातले दोन्ही ‘असावं’ गळून पडले होते. जयंतीसारखा कार्यक्रम झाला, हकीमसाहेबांच्या वारसांना शाल दिली गेली. मीही टाळ्या वाजवल्या.

मग एके दिवशी सोलापूरहून एका वयस्क बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाल्या, “भाईजान, तो वर्ग माझे दादा चालवत. ते हकीम नव्हते. साथीच्या साली ते स्वतः पोर होते, त्यात त्यांची आई गेली. ते वारले तेव्हा कबरीवर दगड लावायला आमच्याकडे पैसे नव्हते. तुम्ही बघितलेला दगड त्यांचा नाही.”

दोन माणसं होती. एकाच नावाची. मी एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावलं होतं आणि तो प्राणी जगावा म्हणून त्याला एक सुंदर कारणही दिलं होतं. अगदी त्या खेळातल्या नोंदवहीसारखं. हकीमसाहेबांना नको असलेली प्रसिद्धी मिळाली आणि आईविना वाढून मुलींना शिकवणारा एक गरीब मास्तर दुसऱ्यांदा पुरला गेला. या वेळी माझ्या हातून.

दुरुस्तीचा लेख मी लिहिला. तो फारसा कुणी वाचला नाही. पहिला लेख अजून व्हॉट्सॲपवर फिरतो, दर वर्षी एकदा तरी कुणी मलाच पाठवतं, ‘वाचा, डोळ्यांत पाणी येईल’ म्हणून. कोपला सगळ्या प्रती परत का घ्याव्याशा वाटल्या असतील, ते मला तेव्हा कळलं. आणि त्या का मिळत नाहीत, तेही.

मला वाटतं, ज्या समाजाचे दस्तऐवज तुटपुंजे असतात त्याला हा मोह जास्त होतो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या घरांत काय उरलं आहे? कुठे एखादी फाटकी सनद, कुठे मोडीतला खरेदीचा कागद, कुठे वाचता न येणारा फारसी शिक्का, बाकी आजीच्या आठवणी. दुसरे आपल्याबद्दल डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं असे प्राणी बनवतात, याचं दुःख आपल्याला आहे आणि ते खरं आहे. पण त्याला उत्तर म्हणून आपण आपले चार देखणे जोडप्राणी उभे केले, तर जागा अडतेच. खरा माणूस, बिनदगडाच्या कबरीतला, बाहेरच राहतो. माझ्या मास्तरवर अन्याय कुणा विरोधकाने केला नव्हता. त्याच्याबद्दल प्रेम असलेल्या माणसाने केला.

आता मी लिहिताना श्रीवास्तवांचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवतो. कोणता तुकडा कुठे मिळाला, कुणी सांगितला, कोणत्या साली, ते आधी वहीत लिहितो. आणि जिथे डोकं सापडलं नाही तिथे डोंगरगावच्या त्या प्राण्यासारखी जागा मोकळी सोडतो. वाचकांना ते आवडत नाही. लेख कोरडा झाला, असं म्हणतात. म्हणू देत.

ईदच्या संध्याकाळी हे सगळं मी भाच्याला थोडक्यात सांगितलं. मास्तरांची गोष्टही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “मामू, मग त्या माशाचं बाकीचं अंग कुठे असेल?”

मी म्हटलं, “अजून मिळालेलं नाही.”

“मग तोपर्यंत डोकं तसंच ठेवायचं?”

“तसंच ठेवायचं.”

त्याने मान हलवली, खेळ बंद केला आणि शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागायला आत गेला. सोलापूरच्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. मास्तरांच्या हजेरीवहीतली एकोणीस नावं मी वाचू शकलो आहे, बाकीची वाळवीने खाल्ली. त्या एकोणीस मुलींपैकी कुणाची नात, पणती हे वाचत असेल तर तिने मला जरूर लिहावं.